मंगळवेढ्याची पडलेली भिंत

द्वादशीचे पारणे सुटले की पंढरपुरातून गाड्या बाहेर पडू लागतात. पूर्वी पायी आलेला वारकरी पायीच माघारी जाई. फार तर वाटेवरचे एखादे क्षेत्र करी. आता जीप, टेम्पो, मिनीबस आधीच ठरलेली असते आणि एका दिवसाची फेरीही ठरलेली असते. पहाटे पंढरी सोडायची, मंगळवेढ्यास दामाजीपंतांचे दर्शन घ्यायचे, मग माचणूरला सिद्धेश्वर, दुपारी अक्कलकोटला महाप्रसाद, सायंकाळी गाणगापूर, आणि ड्रायव्हर तयार असेल तर येताना तुळजापूर. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे, फार तर अर्धा तास. नारळ फुटतो, प्रसादाची पुडी पदरात पडते, मोबाइलवर फोटो निघतो आणि "चला, चला, उशीर होतोय" म्हणून हाक येते.

यात कुणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. शेजारणीच्या भरवशावर म्हैस सोडून आलेली माउली, गुडघ्यांनी जेरीस आलेला म्हातारा टाळकरी, हे एका दिवसात चार क्षेत्रे करतात ती भावानेच करतात. वीस मिनिटांचे दर्शनही दर्शनच असते. पण मंगळवेढे हे गाव असे आहे की तेथे डोळ्यांना दिसते त्याहून न दिसणारे जास्त. ज्याच्यासाठी तेथे जावे ते निम्मे तेथे नाहीच. ते पंढरीत आहे. हे आधी ठाऊक नसेल तर वीस मिनिटांत काय, वीस तासांतही ते हाती लागायचे नाही. म्हणून गाडीत बसण्याआधी मनात काय घेऊन बसावे, तेवढे येथे सांगतो.

गाव फार जुने

पंढरपुरापासून मंगळवेढे सुमारे २५ किलोमीटर. भोवती काळी, खोल, भेगाळणारी जमीन. पाऊस बेताचा, पण परतीच्या पावसाची ओल ही माती महिनोन् महिने धरून ठेवते आणि तिच्यावर रब्बीची ज्वारी उभी राहते. मालदांडी ज्वारीचे कोठार म्हणून या तालुक्याचे नाव मोठे आहे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. हे धान्य ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

बाराव्या शतकात कलचुरी बिज्जलाची राजधानी कल्याणला जाण्याआधी येथे होती. महात्मा बसवेश्वर त्याच्या पदरी होते, त्यामुळे लिंगायत बांधवांना हे गाव तीर्थासारखे. द्वैतमताचे मोठे आचार्य, 'न्यायसुधा' या ग्रंथाचे कर्ते टीकाचार्य जयतीर्थ हे चौदाव्या शतकातले. त्यांचे जन्मगाव मंगळवेढेच, असे माध्व परंपरा मानते. घोड्यावर बसूनच नदीच्या पाण्याला तोंड लावणारा हा तरुण सरदारपुत्र अक्षोभ्यतीर्थांनी पाहिला आणि त्याचा जन्म पालटला, अशी कथा आहे. अक्कलकोटनिवासी स्वामी समर्थांचेही अक्कलकोटी येण्यापूर्वी येथे वास्तव्य होते. गावात भुईकोट किल्ल्याचे अवशेष आहेत, काशीविश्वेश्वर आहे, गैबीपिराचा दर्गा आहे. एवढे संप्रदाय एका वेशीत नांदलेले गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल.

आपल्या वारकरी संप्रदायात मात्र मंगळवेढे म्हटले की तीन नावे येतात: चोखोबा, दामाजीपंत आणि कान्होपात्रा. तिन्ही चरित्रे आपल्याला तोंडपाठ आहेत. महीपतीबाबांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात ती आहेत, कीर्तनात ती आपण ऐकतो. पण ऐकताना एक गोष्ट होते. तिघेही एका गावचे, म्हणून ते एकाच काळी, जणू एकाच आळीत राहत होते असे मनात बसते. दामाजीपंत कोठार उघडताहेत आणि पलीकडे चोखोबा भिंत बांधताहेत, असे चित्र तयार होते. तसे नाही. त्यांचा क्रम लावला पाहिजे, आणि क्रम लावला म्हणजे या गावाची खरी गोष्ट उलगडते.

कोण आधी, कोण नंतर

चोखोबांचे निर्याण शके १२६०, वैशाख वद्य पंचमीचे, म्हणजे इसवी सन १३३८. देवगिरीचे यादव राज्य त्याआधी वीस वर्षे बुडालेले होते आणि वर दिल्लीच्या तुघलकांचा अंमल होता. बहामनी राज्याची स्थापना त्यानंतर नऊ वर्षांनी, १३४७ साली झाली. म्हणजे जुने राज्य गेलेले आणि नवे बसलेले नाही, असा तो मधला काळ. अशा काळात जो तो तट आणि कुसू धरून बसतो. मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याचे काम अशा दिवसांत निघाले.

दामाजीपंत आणि कान्होपात्रा या दोघांच्या कथांत बादशहा आहे तो बेदरचा. बहामनी सुलतानांनी आपली गादी गुलबर्ग्याहून बेदरला नेली ती पंधराव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्यात. तेव्हा या दोन्ही कथा त्यानंतरच्या. १३९६ च्या सुमारास पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाशी दामाजीपंतांचे नाव पुष्कळदा जोडतात. पण त्या वेळी बेदरला गादीच नव्हती. जुन्या नोंदींत १४६० च्या सुमाराचा एक दुष्काळ 'दामाजीपंतांचा दुष्काळ' म्हणूनच ओळखला जातो. तो काळ कथेशी नीट जुळतो.

तेव्हा क्रम असा: आधी चोखोबा, आणि सव्वाशे वर्षांच्या अंतराने दामाजीपंत. कान्होपात्राही त्याच पंधराव्या शतकातली. हे अंतर विसरू नये.

राजसत्तेच्या तीन मागण्या

तिन्ही चरित्रे शेजारी ठेवली की एक सारखेपणा डोळ्यांत भरतो. तिन्ही ठिकाणी राज्य मंगळवेढ्याकडे काहीतरी मागते आहे. चोखोबांकडे श्रम मागितले. दामाजीपंतांकडे धान्य मागितले. कान्होपात्रेकडे देह मागितला. गरीब गावाजवळ देण्यासारखे तेवढेच असते: हात, कणगी आणि लेकी. राज्ये बदलली, मागण्या बदलल्या नाहीत.

दामाजीपंत बेदरकरांचे अधिकारी. सरकारी कोठार त्यांच्या ताब्यात. त्या काळी धान्य जमिनीखालच्या पेवांत साठवीत. खोल खड्डा, आतून कडब्याचे अस्तर, वरून तोंड लिंपलेले. पेव उघडायचे म्हणजे आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यावी लागे. घाईने उतरलेला माणूस आतच गुदमरे. असे पेव फोडणे हा विचार करून करायचा प्रकार असतो. पंतांच्या घरी जेवायला बसलेल्या पंढरीच्या एका ब्राह्मणाला पुढचे पान पाहून रडू आले, कारण घरी बायकापोरे उपाशी होती. तेथून गोष्ट सुरू झाली आणि सारी कोठारे लुटवून संपली. धान्य बादशहाचे आहे हे पंतांना ठाऊक होते. शिक्षा काय होईल हेही ठाऊक होते. हाताखालच्यानेच चुगली केली, बेदरहून पकडण्याचा हुकूम आला आणि पंत निघाले.

पुढे काय झाले ते शेंबडे पोरही सांगेल. पंत पोचण्याआधी विठू महार बेदरच्या दरबारात पोचला, जोहार केला, थैली ओतली आणि पावती घेतली. ती पावती पंतांना वाटेत आपल्या पोथीत सापडली. पंतांनी चाकरी सोडली.

कान्होपात्रा ही शामा नावाच्या श्रीमंत नायकिणीची मुलगी. रूप आणि गळा दोन्ही देवाने दिलेले. आईच्या वाटेने जायचे तिने नाकारले. मंगळवेढ्यावरून पंढरीला जाणारी दिंडी तिने पाहिली आणि विचारले, तुमचा देव माझ्यासारखीला जवळ करील का? वारकरी म्हणाले, करील. त्या दिंडीचे नाव चरित्रात नाही, उत्तर देणाऱ्याचेही नाही. कुणी विणेकरी असेल, कुणी तुळस डोक्यावर घेतलेली माउली असेल. त्याने तिला कुळ विचारले नाही, आमच्या महाराजांना विचारून सांगतो असेही म्हटले नाही. एका होकारावर एक संत उभी राहिली. रस्त्याने चालताना आपल्याला कोण काय विचारील आणि आपल्या उत्तरावर कुणाचे काय ठरेल, हे चालणाऱ्याला कधी कळत नाही.

पुढे बेदरची माणसे तिला न्यायला पंढरीला आली तेव्हा तिने शेवटचे दर्शन मागून घेतले आणि विठ्ठलाच्या पायांवरच देह ठेवला. मंदिराच्या आवारात दक्षिणेच्या अंगाला तिला पुरले. तेथे तरटीचे झाड उगवले, आणि त्या झाडाला नमस्कार केल्याशिवाय जाणता वारकरी पुढे सरकत नाही. तिच्यामागे गुरुपरंपरा नाही, फड नाही, वंश नाही. थोडेसे अभंग आहेत आणि एक झाड आहे.

भिंत

आता चोखोबांकडे येऊ, कारण अवघड जागा तेथे आहे.

चोखोबांचे जन्मस्थान विदर्भातले मेहुणा मानतात, संसार मंगळवेढ्याचा. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सारे घरच अभंग रचणारे. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले, असे परंपरा सांगते. पोटासाठी गावकी करायची आणि मन पंढरीत ठेवायचे, असे ते आयुष्य होते. पंढरीतही महाद्वाराबाहेरच उभे राहायचे; शेवटी नदीपलीकडे जाऊन दीपमाळ उभारावी लागली.

गावकूस म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. गावाभोवतीची ती भिंत. तिच्या आत पाटलाचा वाडा, देऊळ, अठरापगड घरे. तिच्या बाहेर महारवाडा. रात्री वेस लागली की आतले सुरक्षित. बाहेरचे देवाच्या भरवशावर. आणि हीच भिंत बांधायला, पडझड झाली तर दुरुस्त करायला बोलावणे जायचे ते बाहेरच्यांना. येसकरकी, सांगावा पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, कुसवाची डागडुजी आणि गावचा सारा सरकारी खजिन्यात नेऊन भरणे, ही सारी महारकीची कामे.

मंगळवेढ्याच्या कुसवाचे काम चालू असताना भिंत कोसळली. कित्येक मजूर खाली गाडले गेले, त्यांत चोखोबा होते. ज्या कुसवाच्या आत त्यांना घर बांधू दिले नसते, ते कुसू बांधताना ते गेले. यापलीकडे या प्रसंगावर निरूपण करण्याची गरज नाही. हे वाक्य सांगून थोडे थांबावे, पखवाजालाही थांबवावे.

मंगळवेढ्यात आज जुना दगड दिसला की कोणी सांगेल, हीच ती भिंत. तसे मानण्याचे कारण नाही. ती भिंत पडली. आपण पाहायला जातो ती जागा म्हणजे एक पडलेली भिंत आहे, आणि तिच्याखाली चोखोबांबरोबर जे गेले त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याजवळ नाही. त्यांनाही बायका होत्या, पोरे होती. चोखोबा संत म्हणून त्यांचा दिवस आपल्याला तिथीवार ठाऊक आहे. तीच वैशाख वद्य पंचमी त्या सगळ्यांची पुण्यतिथी आहे, एवढे तरी आपण धरावे.

देवाने भिंत का धरली नाही?

चोखोबांचे चरित्र लावले की श्रोत्यांतून हा प्रश्न येतो. तोंडाने कुणी विचारले नाही तरी चेहऱ्यावर असतो. चरणाशी येऊन एखादी म्हातारी हळूच विचारते, "महाराज, दामाजीपंतांसाठी धावला, कान्होपात्रेला पोटात घेतली, मग चोख्याच्या वेळी कुठे होता?" जनाबाईंच्या दळणाला जो बसतो, चोखोबांबरोबर जो ढोरे ओढतो असे संतच सांगतात, त्याला एक भिंत धरता आली नसती?

प्रारब्ध म्हणून हा प्रश्न मिटवण्याची रीत आहे. मला ती कधी पटली नाही. सुखी माणसाने गाडल्या गेलेल्या माणसाचे प्रारब्ध सांगणे शोभत नाही. संतांनी तसे केलेलेही नाही. त्यांनी काय केले ते पाहावे.

नामदेवराय पंढरीहून मंगळवेढ्यास गेले. देवानेच त्यांना पाठवले अशी कथा आहे. तोवर देहांची हाडे झालेली होती आणि कुणाची कोणती ते ओळखू येत नव्हते. नामदेवरायांनी एकेक हाड उचलून कानाशी धरले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून वेगळे ठेवले. त्या अस्थी घेऊन ते पंढरीस आले आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. बारा वर्षांनी, शके १२७२ मध्ये, नामदेवरायांनी देह ठेवला तो त्याच महाद्वाराच्या पायरीशी, चोखोबांच्या समोर.

या प्रसंगातला चमत्कार आपण नेहमी सांगतो, त्यातले काम सांगत नाही. पडलेल्या भिंतीचा ढिगारा उपसणे, कुजलेल्या जागी बसणे, ज्यांचा जिवंतपणी विटाळ मानला त्यांची हाडे हातात घेऊन कानाला लावणे, हे काम एका संताने आपल्या हाताने केले. ऐकण्यासाठी इतके जवळ जावे लागते. दुरून हाडातून नाम ऐकू येत नाही.

आणि आता तो क्रम आठवावा, ज्याच्यासाठी मी सन-शके सांगत बसलो. चोखोबा १३३८ ला गेले. दामाजीपंतांचा दुष्काळ सव्वाशे वर्षांनंतरचा. देवाला पंतांचे देणे फेडायचे होते तर तो सावकार होऊन जाऊ शकला असता, सरदार होऊन जाऊ शकला असता. बादशहाच्या दरबारात तशा वेषाला मान होता. तो महार होऊन गेला, आणि काम कोणते केले? गावचा पैसा सरकारी खजिन्यात नेऊन भरणे आणि पावती आणणे. हे सोंग नव्हते, मंगळवेढ्याच्या महाराचे ते ठरलेले कामच होते. चोखोबा ज्या महारकीत होते, तिच्यात कुसवाची भिंतही होती आणि खजिन्याची थैलीही होती. भिंतीचे काम करता करता चोखोबा गेले आणि त्या गावच्या महारकीत एक जागा रिकामी पडली. माझ्या मनात असे येते की ती रिकामी पडलेली पाळी देवाने भरून काढली. भक्ताच्या माघारी त्याची उरलेली गावकी देवाने केली. कंबरेला घोंगडी बांधली, हाती काठी घेतली आणि जोहार घातला.

हा पोथीतला दाखला नाही, एका म्हाताऱ्या कीर्तनकाराचे चिंतन आहे. पटले तर घ्यावे. पण दामाजीपंतांना आधी आणि चोखोबांना नंतर ठेवले, किंवा दोघांना एकाच काळी ठेवले, तर हे दिसतच नाही. मग विठू महार हा नुसता गमतीचा वेष होतो. क्रमाने वाचले तर त्या वेषाच्या मागे गाडला गेलेला एक माणूस उभा दिसतो.

पुढचे सहाशे वर्षांचे काम

देवाने आपली पाळी केली; माणसांची राहिली होती. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर होती, आणि त्यांच्या जातीच्या माणसांना तिच्या पुढे जाता येत नव्हते. साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले आणि १० मे रोजी ते सुटले. त्यानंतर विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना उघडले. त्या वेळी आपल्या संप्रदायातही दोन मते होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १३३८ ते १९४७, हे अंतर सहाशे नऊ वर्षांचे होते. दुसऱ्याच वर्षी, १९४८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. नाव घेतले ते भिंतीखाली गेलेल्याचेच.

माचणूरची बाजू

मंगळवेढ्याहून सोलापूरच्या वाटेवर भीमेकाठी माचणूर लागते. सिद्धेश्वराचे देऊळ सुंदर आहे, नदीचा घाट मोठा आहे, तेथे अर्धा तास बसावे. हा परिसर हिंदुस्थानच्या बादशहाचा तळ होता. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे येथे ब्रह्मपुरीस छावणी टाकून राज्य केले. त्याने गावाचे नावही पालटले. त्या वर्षांत पंढरीची मूर्ती जवळच्या देगावी नेऊन लपवून ठेवल्याची हकिगत सांगतात. हत्ती, तोफा, बाजार, लाखांची फौज. वाटले असेल की हे आता हलायचे नाही. आज किल्ल्याचे पडके बुरूज उरलेत. पालटलेले नाव कुणाला ठाऊक नाही, देव राऊळात परत आला, आणि वारी चालू आहे.

मंगळवेढ्याची भिंत आणि माचणूरचा बुरूज एका दिवसात पाहायला मिळतात, हे या फेरीचे भाग्य आहे. दोन्ही पडलेले. एकाखालून नाम ऐकू आले.

ही फेरी कशी करावी

ज्यांना हा एक दिवस काढायचा आहे त्यांना माझे एवढेच सांगणे. मंगळवेढ्यात दामाजीपंतांपुढे उभे राहिलात की पेवाचे तोंड उघडणारा हात आठवावा. या तालुक्याच्या दक्षिणेकडची गावे आजही पाण्यासाठी आभाळाकडे पाहतात. जमल्यास येथलीच शेर-दोन शेर ज्वारी विकत घ्यावी आणि पंढरीत कुठल्या तरी मठाच्या अन्नछत्रात द्यावी. पंतांना नारळापेक्षा ते अधिक आवडेल.

मग गावात चोखोबांच्या नावाने थोडे थांबावे. पाहण्यासारखे फार काही मिळणार नाही. तेथे टाळ न वाजवता उभे राहावे आणि ज्यांची नावे राहिली नाहीत त्यांच्यासाठी एकदा विठ्ठल म्हणावे. आपल्या घराच्या, मठाच्या, मंदिराच्या बांधकामावर जे गवंडी-बिगारी आहेत त्यांच्या डोक्यावर काय टांगलेले आहे, पायाखालची फळी धड आहे का, हे पाहण्याची आठवण तेथे उभे असतानाच करून घ्यावी. लाखांची देणगी देऊन सभामंडप बांधणारे आपण. मंडप बांधणारा जिवंत घरी जातो की नाही हे पाहणे हीसुद्धा चोखोबांची सेवाच आहे.

आणि शक्य असेल तर फेरीची दिशा उलटी करावी. आधी अक्कलकोट-गाणगापूर, शेवटी मंगळवेढे, आणि मंगळवेढ्याहून थेट पंढरी. ही वाट नामदेवरायांची आहे. पंचवीस किलोमीटर ते आपल्या मित्राच्या अस्थी घेऊन चालत आले. गाडीला अर्धा तास लागेल. त्या अर्ध्या तासात गाडीतले गाणे बंद ठेवावे. पंढरीत आलात की आधी महाद्वारी चोखोबांच्या समाधीला हात लावावा, नामदेव पायरीला डोके टेकावे, मग आत जावे. परतताना तरटीपाशी कान्होपात्रेला नमस्कार करावा. मंगळवेढ्याचे दर्शन तेथे पुरे होते.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥